अंधेरीतले अकरा महिने : पोराच्या प्रशिक्षणाचा हिशेब



आज पिकावर लिहीत नाही. गेल्या महिनाभरात फोनवर टोमॅटोच्या करप्यापेक्षा एक प्रश्न जास्त वेळा आला: "अण्णा, तुमचा पोरगा मुंबईला त्या सरकारी प्रशिक्षणाला गेला होता ना? त्यात काही दम आहे का? आमच्याला पाठवू का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. हिशेबासकट लिहितो, म्हणजे ज्याचा त्याने विचार करावा.

योजनेचं नाव मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. 2024 च्या पावसाळी अधिवेशनातल्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, 9 जुलै 2024 ला जीआर निघाला, आणि आषाढी एकादशीच्या सुमारास ती "लाडका भाऊ" म्हणून गावोगाव झाली. नाव काहीही म्हणा, आतली गोष्ट अशी: 18 ते 35 वयाचा, महाराष्ट्राचा रहिवासी, सध्या शिकत नसलेला बेरोजगार मुलगा किंवा मुलगी. कंपनीत, कारखान्यात किंवा सरकारी कार्यालयात सहा महिने काम शिकायचं. विद्यावेतन सरकार देणार. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000, पदवीधराला 10,000. ही कल्पना काही आजची नाही. रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम नावाने असंच सहा महिन्यांचं काहीतरी राज्यात पूर्वीपासून होतं, पैसे मात्र अगदीच थोडे. या वेळी आकडा मोठा होता, म्हणून गावातल्या पारावर चर्चा झाली.

आता आपल्या पद्धतीने हिशेब करू. माझ्या पोराची कृषी पदविका, म्हणजे 8,000. महिन्याचे 26 दिवस धरले तर दिवसाला 307 रुपये. बारावीवाल्याला 230, पदवीधराला 384. आमच्या जुन्नर तालुक्यात टोमॅटोच्या हंगामात पुरुषाची हजेरी यापेक्षा जास्त आहे, आणि वर चहा-नाश्ता. म्हणजे नुसत्या पैशाने पाहिलं तर पोराला मुंबईला पाठवणं हा तोट्याचा धंदा. दुसरं म्हणजे प्रशिक्षणार्थी हा कामगार नाही. किमान वेतन नाही, पीएफ नाही, ईएसआय नाही. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र मिळणार. नोकरी द्यायचीच असं बंधन कंपनीवर नाही, पटला तर ठेवतील. हे सगळं आधी समजून घेतलं की पुढं चिडचिड कमी होते.

मग पाठवला का? एक म्हणजे जागा होती. दादा, माझा थोरला भाऊ, चाळीस वर्षांपूर्वी घाटकोपरला गेला, असल्फ्याच्या डोंगरावर त्याची दहा बाय पंधराची खोली आहे, वर माळा. जुन्नर-आंबेगावचं निम्मं गाव त्या पट्ट्यात सापडेल. राहायचं भाडं नाही आणि वहिनीच्या हातचं जेवण. वहिनीने पैसे घेतले नाहीत, म्हणून दर महिन्याला तांदूळ, बाजरी, घरचं तूप आणि भाजीची गोणी एसटीने जायची. ज्याचं उपनगरात कुणी नाही त्याने 8,000 वर तिथे राहायचा विचारसुद्धा करू नये. कॉटच्या भाड्यात आणि खानावळीत सगळे जातील आणि घरून वर मागवावे लागतील.

दुसरं कारण माझ्या डोक्यातलं. आपण वीस-बावीस वर्षं माल पाठवतोय. नारायणगावच्या मार्केटला वीस किलोचा क्रेट उतरवला की आपला संबंध संपला. पुढं तो क्रेट कुठं जातो, कोण उघडतो, काय बघून बाजूला काढतो, हे आपल्याला माहीत नाही. पोराने ते टोक बघावं असं मला वाटत होतं. त्याला स्वतःला मुंबई बघायची होती. दोघांचं कारण वेगळं, गाडी एकच.

अर्ज महास्वयं पोर्टलवर. नोंदणी, ओटीपी, शिक्षणाची माहिती, कागदपत्रं, हे काही अवघड नाही, पोरं मोबाईलवर करतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. जागा जिल्हावार दिसतात, आणि आपल्याकडच्या माणसाला मुंबई म्हणजे एक गाव वाटतं. तसं नाही. 1 ऑक्टोबर 1990 पासून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे आहेत. उपनगरचं मुख्यालय वांद्र्याला, आणि तालुके तीन: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. घाटकोपर आणि मुलुंड दोन्ही कुर्ला तालुक्यात येतात. हे दादालाही माहीत नव्हतं, त्याला स्टेशनं माहीत. पोरगा आठ दिवस मुंबई शहर निवडून बसला होता आणि फोर्ट-परळकडच्या जागा बघत होता. शेजारच्या खोलीतल्या एका ताईंनी सांगितलं तेव्हा उपनगर उघडलं, आणि साकीनाका, मरोळ, अंधेरी एमआयडीसी, कांदिवली, भांडुप, मुलुंड अशा जागा दिसायला लागल्या.

यातली कुठली घ्यायची यावरून घरात बरीच डोकेफोड झाली. एक जागा बोरिवलीत होती, कार्यालयातली, पंख्याखालची. दादाचं म्हणणं तीच घे, सरकारी आहे, पुढं कायम करतील. नकाशात मुलुंड-घाटकोपर आणि बोरिवली शेजारी दिसतात. पण मधे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. रेल्वेने जायचं तर दादरला उतरून गाडी बदलायची, म्हणजे खाली जाऊन परत वर. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे त्या डोंगराखालून काढायचं काम चाललंय, पण बोगदा होईपर्यंत पोराचे सहा महिने संपले असते. दुसरी जागा मरोळला, अंधेरी एमआयडीसीच्या अंगाला, भाजीपाला निवडून-कापून-पॅक करून हॉटेलांना आणि कॅन्टीनला पुरवणारी कंपनी. असल्फ्याला मेट्रोत बसलं की साकीनाका आणि मग मरोळ नाका. दोनच स्टेशनं. मेट्रो लोकलच्या पासापेक्षा महाग पडते, पण जाता-येता तीन तास वाचतात. मी म्हटलं, कार्यालयात फायली शिवायला शिकशील, इथं माल शिकशील. त्याने मरोळ घेतलं. दादा दोन दिवस बोलला नाही.

मुलाखत पंधरा मिनिटांची. एकच प्रश्न नीट विचारला: पहाटे पाचला येशील का? शेतकऱ्याच्या पोराला हा काय प्रश्न झाला!

सप्टेंबर 2024 मध्ये गणपतीनंतर तो रुजू झाला. पहिल्या महिन्याचे पैसे आलेच नाहीत. दुसऱ्याचेही नाहीत. कंपनी म्हणे हजेरी ऑनलाईन भरली, आमच्याकडून काही बाकी नाही. पोर्टलवर जमा झाल्याचं दिसतंय आणि पासबुकात शून्य. आपल्यापैकी ज्यांचा पीएम-किसानचा हप्ता असा हवेत गेलाय त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. पैसे आधारवरून येतात, आपण फॉर्मात लिहिलेल्या खाते नंबरवरून नाही. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे केवायसी झाली. डीबीटीसाठी खातं एनपीसीआयच्या यादीत आधारला जोडलेलं असावं लागतं, आणि दोन-तीन खाती असतील तर जे शेवटी जोडलं त्यात पैसे जातात. पोराचं शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं एक खातं होतं गावाकडच्या बँकेत, पासबुक वाळवीने खाल्लेलं. 16,000 रुपये तिथं जाऊन बसले होते. पैसे बुडाले नाहीत, पण दोन महिने पोरगा चुलत्याकडून उसने घेऊन मेट्रोत बसत होता, आणि ते त्याच्या मनाला लागलं. म्हणून अर्ज भरायच्या आधी हे तपासून घ्या. आधारच्या संकेतस्थळावर कुठलं खातं जोडलंय ते दिसतं. पोस्टाच्या पेमेंट बँकेत खातं काढलं तर आधार जोडणीचं काम तिथंच होऊन जातं, हाही एक मार्ग. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव, विशेषतः मुलींचं, अक्षराला अक्षर जुळतंय का तेही बघा.

आता कामाचं सांगतो, कारण शेतकऱ्याला त्यातच रस.

पहिला महिना त्याला निवडीच्या टेबलावर उभं केलं. आठ-आठ तास उभं राहून टोमॅटो, सिमला, काकडी हातात घेऊन बघायची आणि तीन डब्यांत टाकायची. तो फोनवर वैतागून म्हणाला, "अण्णा, हे तर घरी आईपण करते." मी म्हटलं, आई तीन डबे करते का ते सांग. गप्प बसला. आपण करतो ती निवड म्हणजे किडका बाजूला आणि बाकी सगळा क्रेटमध्ये. तिथं आकार वेगळा, रंग वेगळा, घट्टपणा वेगळा. एका क्रेटमध्ये हिरवट, गुलाबी आणि लाल असा तिरंगा निघाला की अख्खा क्रेट खालच्या भावाला, कारण हॉटेलवाल्याला आज कापायचाय की तीन दिवसांनी, ते त्याला आधी ठरवायचं असतं. आणि देठ! आपल्याकडे तोडणीत देठासकट टोमॅटो येतो, ताजा दिसतो म्हणून आपण खूश. तो देठ घाटातून आदळत जाताना शेजारच्या फळात खिळ्यासारखा घुसतो. भोक पडलं की दुसऱ्या दिवशी तिथून पाणी सुटतं. त्याने मला त्याचे फोटो पाठवले. इतकी वर्षं "व्यापारी मुद्दाम माल काढतो" म्हणून आपण शिव्या घालतो, त्यातल्या निम्म्या तरी परत घ्याव्या लागतील. निम्म्याच. बाकीच्या निम्म्या योग्य ठिकाणी आहेत.

तिसऱ्या महिन्यात शीतगृह. कोथिंबीर-पालक अगदी गार, शून्याच्या जवळ. टोमॅटो मात्र बारा-तेरा अंशावर. कच्चा टोमॅटो दहाच्या खाली ठेवला तर दिसायला छान राहतो, बाहेर काढल्यावर धड पिकत नाही आणि डाग धरतो. आमच्याकडे एका शेतकरी गटाने शीतखोली बांधली तेव्हा सगळा माल एकाच थंडीत कोंबला होता, हे वाचताना त्यांना आठवेल. आणि उन्हात तोडलेला माल. दुपारी एकला तोडलेल्या फळाच्या आतली उष्णता रात्री दहापर्यंत जात नाही, तिथं काटा खुपसून तापमान बघतात. पोराने घरी फोन करून आईला सांगितलं, तोडा सकाळी नऊच्या आत संपवा. माझं इतकी वर्षं न ऐकणाऱ्या बायांनी त्याचं ऐकलं, कारण तो "कंपनीतला" झाला होता.

सहा महिने मार्चमध्ये संपले. उन्हाळी टोमॅटोची लागण तोंडावर, मी घरी दोन एकराची तयारी करून बसलेलो. तेवढ्यात बातमी आली की मुदत पाच महिने वाढली, एकूण अकरा. पोरगा म्हणाला थांबतो. मी म्हटलं लागण कोण करणार? यावरून आमचं चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, आता कुठं मला खरेदीच्या टेबलावर बसवायला लागलेत, गाडी आली की भाव कसा ठरतो ते आता कळेल. माझं म्हणणं, 307 रुपयांसाठी मी इथं रोजाने माणसं लावू? दोघांचंही खरं होतं. शेवटी मी माणसं लावली. त्यासाठी जे जास्तीचे गेले ते 11,000 च्या आसपास, ते मी या प्रशिक्षणाच्या खर्चात धरतो. सरकारच्या कुठल्या तक्त्यात ते येणार नाहीत.

जूनमध्ये त्याच्या सांगण्यावरून आम्ही 40 क्रेट थेट तिकडे पाठवून बघितले. तिकडचा भाव नारायणगावपेक्षा किलोला 4 रुपये जास्त. 31 क्रेट घेतले, 9 काढले. घेतलेल्यावर 2,480 जास्त मिळाले. गाडीभाडं क्रेटला 35 ने वाढलं, त्याचे 1,400. निवडीला दोन बायांचे 400. काढलेले 9 क्रेट किलोमागे 6 रुपये पाडून कसेबसे विकले, तिथं 1,080 गेले. म्हणजे सगळा खटाटोप करून 400 रुपये तोटा. पंधरा दिवसांनी परत पाठवले, या वेळी निवड बांधावरच कडक केली, देठ काढले, रंग वेगळे केले. 30 पाठवले, एकच निघाला. सगळं वजा जाता 750 रुपये जास्त. तीस क्रेटमागे साडेसातशे. यात कुणी बंगला बांधणार नाही. पण काढलेला माल इथंच बाजूला राहिला आणि इथल्या भावाने गेला, मुंबईच्या गटारात नाही, एवढा फरक पडला.

अकरा महिने संपल्यावर कंपनीने ठेवला नाही. त्याच्याबरोबर चौघं होते, एकाला ठेवलं. बाकी राज्यभरची पोरं आम्हाला कायम करा म्हणून मुंबईत आंदोलनाला उतरली, त्याच्या ओळखीचे दोघं त्यात होते. त्यांच्या मागणीवर माझं मत विचाराल तर सांगतो. जीआरमध्ये कायम करू असं कुठं लिहिलेलं नव्हतं, हे खरं. पण ग्रामपंचायतीत, शाळेत, दवाखान्यात या पोरांकडून अकरा महिने भरलेल्या जागेसारखं पूर्ण काम करून घेतलं असेल आणि नंतर "तुम्ही फक्त शिकत होता" म्हणून घरी पाठवलं असेल, तर त्यांना राग येणारच. शिकवायला माणूसच नव्हता, मग शिकले काय? आमच्या गावची एक पोरगी ग्रामपंचायतीत होती, पदवीधर, 10,000 वर. तिने अर्ध्या गावाचे पीक विम्याचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून दिले. ती गेल्यावर आता परत आपण सेतूच्या रांगेत. घर सोडता येत नाही अशा मुलींना तीच जागा बरी होती, मुंबईपेक्षा पदरात जास्त पडलं. त्या पोरीने पुढं काय करायचं, याचं उत्तर मात्र कुणाकडे नाही.

आयटीआयवाल्यांनी दुसरी वाट आधी बघावी. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशनवाल्यांसाठी ते प्रमाणपत्र जास्त चालतं, रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही भरती निघते. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर 2024 ला सुरू झाली, वय 21 ते 24, बारा महिने, महिना 5,000 आणि सुरुवातीला एकदाच 6,000. मोठमोठ्या कंपन्या आहेत. राज्याच्या प्रशिक्षणात असताना तिकडे अर्ज चालत नाही, त्यामुळे आधी ठरवा कुठं जायचं. राज्याच्या योजनेचा लाभ एकदाच मिळतो. पहिली दिसेल ती जागा धरून तो वाया घालवू नका. मुलाखतीला गेलं की पहिल्यांदा विचारा, मला रोज कोण शिकवणार आणि मी कुठल्या टेबलावर उभा राहणार. याला नीट उत्तर आलं नाही तर उठून या. आणि पोर्टलवर सध्या जागा सुरू आहेत का, आकडे बदललेत का, ते स्वतः बघूनच पोराला एसटीत बसवा. मी लिहिलंय ते आमच्या वेळचं.

पोरगा सध्या घरी आहे. कायमचा आलाय की कसं, ते मी विचारलेलं नाही, त्यानेही सांगितलेलं नाही. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लाकडी टेबल ठोकलंय, वर पांढरी ट्यूब लावलीय, कारण पिवळ्या दिव्याखाली टोमॅटोचा रंग कळत नाही म्हणे. आळीतले सहा जण आपापला माल तिथं आणून निवडतात. मरोळचे खरेदीवाले त्याचा फोन उचलतात, ही त्याची अकरा महिन्यांची खरी कमाई. ज्यांना निवड बघायची आहे त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी पहाटे सहाला या. नऊनंतर आलात तर फक्त चहा मिळेल.